व्याख्या पाठ होती

"चप्पल काढ," सर म्हणाले. "दोन्ही. आणि इथं उभी राहा."

इथं म्हणजे परातीत. लग्नात भात काढतात तेवढी मोठी लोखंडी परात, आणि तिच्यात ओली शाडूची माती थापलेली. मंचरचं कॉलेज, बारावी सायन्स, फिजिक्सचा तास. वर्गात साठ पोरं. मी चप्पल काढली आणि कुठं ठेवू ते कळेना, म्हणून हातातच धरली.

सर मला नावानं हाक मारत नसत. हजेरीलासुद्धा नाही. 'आहुपे' म्हणायचे. माझं गाव आहुपे नाहीच. आमची वाडी त्याच्या बरीच खाली, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पण सरांना डोंगराकडचं एवढं एकच गाव माहीत होतं. तिथली देवराई बघायला ते मित्रांसोबत एकदा गाडीनं जाऊन आले होते. अकरावीत मी एकदा उठून सांगितलं होतं, "सर, माझं गाव आहुपे नाही." ते म्हणाले, "एकच की ते. जंगल ते जंगल." तेव्हापासून सगळा वर्ग मला आहुपे म्हणायला लागला आणि मीही ओ द्यायला लागले.

माझ्याआधी रिद्धीला परातीत उभं केलं होतं. रिद्धीच्या वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. मूळचे राजस्थानातले, पण आता इतक्या पिढ्या झाल्या की तिची मराठी माझ्याहून साफ. त्या दिवशी तिला कॉलेजातून परस्पर कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून ती उंच टाचेचे सँडल घालून आली होती. टाचा मातीत खुपसल्या गेल्या, खाली परातीला टेकल्या. ती पडता पडता राहिली. पोरं हसली, तीही हसली. सँडल धुवायला ती नळावर गेली.

मग मी. दोघींना आधी काट्यावर उभं केलं होतं, वजन सारखंच भरलं होतं. माती गार होती. बोटांच्या फटींतून वर आली. माझे पाय पसरट आहेत. बोटं एकमेकांपासून लांब लांब. आमच्याकडे सगळ्यांचेच असतात. आम्ही महादेव कोळी, भाताच्या खाचरात वाढलेली माणसं, पहिली चप्पल मला पाचवीत मिळाली. सरांनी फूटपट्टी घेतली आणि वाकून माझ्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत फिरवली. पाठीमागच्या बाकावरची पोरं उठून पुढं आली. एकानं मोबाइल काढला.

"हे पाय नीट बघा. मंचरात मिळायचे नाहीत," सर म्हणाले. "निसर्ग हुशार असतो. उंटाला वाळूत चालायचं, त्याला पसरट पाय दिला. हत्तीला दिला. आणि ह्या लोकांना दिला."

वर्ग हसला. नळावरून परत आलेली रिद्धीही हसली. मी माझ्या हातातल्या चपलेकडे बघत होते.

"प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया," सर पुढे म्हणाले. "फोर्स सेम. दोघींचं वजन सेम. एरिया वाढला की प्रेशर कमी. म्हणून रिद्धी बुडाली आणि आहुपे वर राहिली. कळलं का?"

मला कळलं. साठ पोरांत बहुतेक मला एकटीलाच कळलं. त्या क्षणी, त्या परातीत, पाय मातीत आणि चप्पल हातात असताना, माझ्या डोळ्यांसमोर एक पोतं आलं. हिरड्याचं पोतं. गाळावर आडवं पडलेलं. न बुडालेलं.

आता ते पोतं सांगायला पाहिजे. मी ते तेव्हापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

दहावीची परीक्षा देऊन मी आश्रमशाळेतून घरी आले होते. वैशाख होता. आमच्याकडे बाळहिरड्याचा तो शेवट. झाडावरचा कोवळा हिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा, पोत्यात भरायचा आणि पलीकडच्या काठाला डांबरी रस्त्यावर टेम्पो येतो तिथं न्यायचा. पलीकडं जायला पुलावरून दोन तासांचा वळसा. पण वैशाखात धरणाचं पाणी खाली जातं. कुठं जातं ते आम्हाला माहीत आहे, कालव्यानं अवसरी-कळंबकडच्या उसाला जातं. आमच्याकडे उरतो गाळ. वरून वाळतो, भेगाळतो, आणि लोक त्यावरून पायवाट पाडतात. वळसा वाचतो.

आई पुढं, डोक्यावर पोतं. मी मागं, काखेत छोटं गाठोडं. आईचं माहेर जुन्नरच्या बाजूचं, घाटाच्या कडेचं, तिला पाण्याची नाही पण चिखलाची चांगली ओळख होती. "माज्या पावलावर पाऊल टाक," ती म्हणाली होती. माझ्या पायात काटा गेला, मी खाली बसले, आणि आमच्यात पंधरा-वीस पावलांचं अंतर पडलं.

गाळाचं वरचं वाळकं कवच फुटल्याचा आवाज झाला नाही. आई घोट्यापर्यंत आत गेली. मग गुडघ्यापर्यंत. ती मागं वळून हसली.

"खाचारच हाय म्हन की ह्ये," ती म्हणाली.

तिनं डोक्यावरचं पोतं बाजूला टाकलं, हात मोकळे व्हावेत म्हणून. पोतं आडवं पडलं. आई उभी राहिली.

ती का उभी राहिली हे नीट समजून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. भाताच्या खाचरात चिखल मांडीपर्यंत असतो, पण त्याला तळ असतो. खाली कडक जमीन असते. पाय रुतला तर धडपड करायची नाही. सरळ उभं राहायचं, पाय खाली टेकू द्यायचा, टेकला की एक एक करून काढायचा. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. आवणीला, म्हणजे भात लावताना, आईच्या मागं मागं फिरताना येतं. चिखलात आडवा पडतो तो खुळा, त्याला सगळी हसतात. उभं राहील तो शहाणा.

धरणाचा गाळ हा आमचा चिखल नव्हता. तो धरणाआधी तिथं नव्हताच. त्याला तळ कुठं आहे हे वाडीत एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

मी ओरडले. शब्द जसेच्या तसे लिहिते. "आये, उभी ऱ्हा. हलू नको. पाय टेकल आत्ता."

"टेकना की अजून," ती म्हणाली.

मी परत ओरडले. "सरळ उभी ऱ्हा."

तिनं ऐकलं. माझं ऐकलं. ती माझ्या आईसारखी नाही, माझ्या मुलीसारखी सरळ उभी राहिली आणि कंबरेपर्यंत खाली गेली. मी गाठोडं टाकून वाडीकडं पळाले, बाला, म्हणजे वडलांना, हाक मारली, माणसं धावत आली. बासुद्धा तेच ओरडत होता. सगळेच तेच ओरडत होते. उभी ऱ्हा, उभी ऱ्हा. दोघं आत गेले आणि गुडघ्याएवढे रुतल्यावर घाबरून मागं आले. कुणी दोर आणायला गेलं, कुणी दाराच्या फळ्या काढायला. काठावर पुरुष माणसं जमलेली बघून आईनं चिखलाच्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला. छातीपर्यंत गाळ, आणि डोक्यावर पदर. मग तिचा आवाज बारीक व्हायला लागला. गाळ छाती फुलू देत नव्हता. तिचं शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. "तू म्होरं येऊ नगस."

फळ्या टाकून माणसं तिच्यापर्यंत गेली तेव्हा उशीर झाला होता. फळ्यांवरून गेली ती माणसं बुडाली नाहीत. तेव्हाही कुणाच्या डोक्यात काही आलं नाही, माझ्याही नाही. आणि ते पोतं तितका सगळा वेळ तिच्यापासून चार हातांवर तसंच वर पडलेलं होतं. त्यावर एक कावळा येऊन बसला होता. दोराला आकडा लावून माणसांनी आधी पोतं ओढून काढलं, ते जवळ होतं म्हणून. आई नंतर निघाली.

सव्वा वर्ष मी ते पोतं विसरू शकले नव्हते आणि का ते कळत नव्हतं. परातीत उभी असताना कळलं. पोतं भरलेलं, वजनदार. पण आडवं. आई उभी. सगळं वजन दोन पावलांवर. तिचेही पाय पसरट होते हो, माझ्याहून पसरट. नाही पुरले. निसर्गाची हुशारी नाही पुरली. ती आडवी झाली असती, हात पसरून नुसती पालथी पडली असती, तर पोत्यासारखी वर राहिली असती. आणि मी तिला ओरडून ओरडून उभं केलं.

सर विचारत होते, "रडतीयेस कशाला? गंमत चाललीय." वर्ग परत हसला.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितली नाही. दाब म्हणजे काय हे मला त्या वैशाखात येत होतं. आठवीत होतं ते आम्हाला. आश्रमशाळेत विज्ञानाच्या सरांची जागा रिकामी होती, भूगोलाचे सर येऊन फळ्यावर व्याख्या लिहून द्यायचे आणि आम्ही प्रत्येकी दहा वेळा वहीत उतरवायचो. "एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने कार्य करणाऱ्या बलास दाब म्हणतात." एका दमात म्हणायची मी. तपासणीला साहेब आले होते तेव्हा मलाच उठवलं होतं. मी उठले, हाताची घडी घातली, पोपटासारखी म्हणून दाखवली. साहेबांनी शाबासकी दिली, पेन दिलं. एकक म्हणजे काय, लंब म्हणजे कुठं, बल कुणाचं आणि ते कुणावर, हे साहेबांनी विचारलं नाही. भूगोलाच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, मला वाटायचं व्याख्येला अर्थ नसतो, व्याख्येला मार्क असतात.

ती व्याख्या डोक्यात घेऊन मी गाळाच्या काठावर उभी होते. एक शब्द इकडचा तिकडे न होता पाठ. आणि तोंडातून आलं ते 'उभी ऱ्हा'. पुढं कळलं, पण ते वरातीमागून घोडं.

त्या तासानंतर मी नीट राहिले नाही. हॉस्टेलवर पोळ्यांची पाळी असली की कणकेत अंगठा रुतायचा आणि मी थांबायची. एसटीत कंडक्टर म्हणायचा, "मागं सरका, सरळ उभं ऱ्हावा," आणि मी वाटेतच खाली बसायची. पावसाळ्यात कॉलेजच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळून चिखलात खोल पाय उमटवून जायची. मी ते खड्डे बघत बसायची. कुठला किती खोल, कुणाचं वजन किती, मनात गणित चालायचं. फिजिक्सच्या चाचणीत मी वर्गात पहिली आले. सर म्हणाले, "बघा, आहुपेचं डोकंपण पसरट आहे." मला वाटतं ते कौतुक होतं.

परातीनंतर सरांनी एक काम केलं होतं. मला आलेखाच्या कागदावर उभं करून पेन्सिलीनं माझं पाऊल आखून घेतलं होतं. चौकोन मोजून क्षेत्रफळ काढायला. मग तो कागद प्रयोगशाळेत भिंतीवर लावला. शेजारी रिद्धीच्या टाचेचा. खाली स्केचपेननं लिहिलं, 'शहरी टाच' आणि 'डोंगरी पाऊल'. दर आठवड्याला मी प्रॅक्टिकलला जायची तेव्हा ते पाऊल समोर. अकरावीची नवी पोरं येऊन त्यावर आपापले बूट ठेवून बघायची. कुणीतरी बोटांना नखं काढली, लांब, जनावराची. ती कुणी पुसली नाहीत.

आणि आता नुकतंच, जानेवारीत, बाहेरची माणसं कॉलेज बघायला येणार म्हणून धावपळ सुरू झाली. सरांनी मला आणि रिद्धीला प्रयोगशाळेत बोलावलं.

"ते परातीचं करा दोघी. पाहुण्यांना आवडेल. आहुपे, तू जरा तुमच्याकडचं लुगडं वगैरे नेसून ये. वरपर्यंत खोच, पाय दिसले पाहिजेत."

मी म्हणाले, "नाही करणार."

"काय?"

"नाही करणार, सर."

माझा आवाज मोठा नव्हता. पण गेले सहा महिने मी त्या खोलीत गिळलेलं सगळं त्यात होतं. सर हसले. त्यांना वाटलं लाजतेय. "अगं, शिकायलाच आलीस ना? ह्यात कसली लाज?" ते म्हणाले. मी भिंतीपाशी गेले आणि तो कागद काढला. चार टाचण्या होत्या, चारी काढल्या, सावकाश. कागदाची घडी घातली आणि दप्तरात ठेवली. फाडला नाही. कॉलेजभर मात्र असंच झालं की आहुपेनं सरांच्या तोंडावर कागद फाडला.

"माझं पाऊल आहे," मी म्हणाले. "विचारून घेतलेलं नाही."

बाहेर आल्यावर रिद्धी माझ्या मागं आली. ती वाईट मुलगी नाही. "कशाला एवढं ताणायचं?" ती म्हणाली. "मलापण उभं केलं होतं ना? माझ्यावरपण हसले."

"तुझ्या सँडलवर हसले," मी म्हणाले. "ते तू काढून ठेवलेस."

पाहुणे आले त्या दिवशी परात काढलीच नाही असं ऐकलं. मी गेले नव्हते.

पण सरांनी माझं जर्नल ठेवून घेतलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सरांची सही असल्याशिवाय बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर बारावी नाही. माफीनामा लिहून दे, सही घेऊन जा, असा निरोप आला. काय लिहायचं तेही सांगितलं होतं. 'माझ्या उद्धट वर्तनाबद्दल मी क्षमा मागते. यापुढे असे होणार नाही.' दोन ओळी. मी दिल्या नाहीत. मग त्यांनी बाला बोलावून घेतलं.

बा पहाटेच्या एसटीनं आला. स्वच्छ धुतलेली टोपी घालून. स्टाफरूमच्या दारात उभा राहिला, चप्पल बाहेर काढून, कुणी काढ म्हटलेलं नसताना. सर त्याच्याशी चांगलं बोलले. अहोजाहो केलं, पण बसा म्हणाले नाहीत.

"मुलगी हुशार आहे तुमची. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हो ह्या वयात. दोन ओळी लिहून द्यायला सांगा, लगेच सही करतो. माझं काय वैर आहे का?"

"व्हय सायेब," बा म्हणाला. "लिवून देईल ती. लेकरू हाय, चुकलं."

आम्ही एसटी स्टँडवर आलो. बाकावर बसलो. बानं खिशातून पेन काढलं, येताना विकत घेतलं असावं, टोपण नवं होतं.

"लिव," तो म्हणाला. "दोन वळी तं हाईत. वाकल्यानं काय मोडतंय का आपलं? तुझं वरीस जाईल, पोरी. तुझी आई लई म्हनायची, हिला शिकवायची."

आईचं नाव निघालं आणि मग माझ्यानं राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. परात. पाय. हसणं. मग दाब म्हणजे काय ते सांगितलं. बाकावर पडलेली विटेची चीप उचलली आणि त्याच्या तळहातावर आधी टोकानं दाबली, मग आडवी ठेवून दाबली. "जोर तेवढाच हाय, बा. आता सांग, कुठं लागतंय?"

"टोकाला," तो म्हणाला.

"आई टोकावर उभी व्हती. पोतं आडवं व्हतं."

त्याला लगेच कळलं. चौथी शिकलेला माणूस, पण त्याला फळा लागला नाही. तो तळहाताकडं बघत राहिला. सांगताना मला माहीत होतं की मी काय करतेय. आजवर ते एकटीच्या छातीवर होतं. आता त्याच्याही ठेवलं. सांगायला नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"म्या बी तेच वरडत व्हतो," तो म्हणाला. "उभी ऱ्हा म्हनून."

"तुला कुनी शिकिवलं न्हवतं, बा."

"आन् तुला?"

"मला आठवीतच शिकिवलं व्हतं. पाठ व्हतं मला."

घोडेगावची गाडी आली, भरली, गेली. तो उठला नाही. शेजारी एक बाई द्राक्षं विकत होती, ती आमच्याकडं बघत होती. मला वाटलं आता तो म्हणेल, नको लिहू. किंवा म्हणेल, लिही. दोन्ही म्हणाला नाही. त्यानं जे विचारलं त्याचा मी विचारच केला नव्हता.

"पर ती झाली असती का आडवी?" बा म्हणाला. "समदी गडीमानसं काठाला. सासरा व्हता, थोरला दीर व्हता. तू सांगितलं असतं, तरी बाईमानूस चारचौघांत चिखलात लोळली असती का? ती पदर घेत व्हती, पोरी. शेवटापातुर पदर घेत व्हती."

पुढच्या गाडीत तो चढला. खिडकीतून म्हणाला, "तुझं तू बघ आता." पेन त्यानं माझ्याकडंच राहू दिलं.

त्याला चार दिवस झाले. माफीनामा मी लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही. त्याऐवजी आज प्राचार्यांना अर्ज दिलाय, त्यात परातीपासून सगळं लिहिलंय, मोबाइलमधल्या फोटोसकट, तो मी वर्गातल्याच एकाकडून मिळवला. त्यावर पोच घेतली आहे. सही मिळाली तर परीक्षा देईन. नाही मिळाली तर वर्ष जाईल. जाऊ दे. पुढच्या वर्षी दुसरीकडून बसेन. फिजिक्स मी सोडणार नाही, ते सरांच्या बापजाद्यांचं नाही. ते गाळाला लागू होतं, उसाला होतं, सरांना होतं आणि आईलाही लागू होतं. कुणी सांगो न सांगो. आता माझ्यासमोर कुणी व्याख्या टाकली की मी हात वर करून विचारते, म्हणजे काय. उत्तर येईपर्यंत खाली बसत नाही. वर्गाला कंटाळा येतो, येऊ दे.

पण बाच्या प्रश्नाचं उत्तर अर्जात नव्हतं. ते मला द्यायचं आहे.

वैशाख यायला तीन महिने आहेत. पाणी खाली जाईल, गाळ उघडा पडेल, वरून वाळेल, आणि लोक वळसा चुकवायला परत त्यावरून जातील. जाऊ नका म्हणून कुणी थांबणार नाही. म्हणून मी त्याआधी वाडीवर जाणार आहे. काठाला दोर बांधून, जिथं गुडघ्याएवढाच गाळ आहे तिथं, एकेकाला आडवं व्हायला शिकवणार आहे. पोरांना, म्हाताऱ्यांना, आणि सगळ्यात आधी बायकांना. सासऱ्यासमोर, दिरासमोर, डोक्यावरचा पदर पडला तर पडू देऊन. त्या लाजतील. म्हणतील, चारचौघांत बाई लोळते का. काठावरचे गडी हसतील, ते मला माहीत आहे, हसणं कसं असतं ते मी बघितलंय.

हसू देत. सगळ्या वाडीसमोर पहिली मी आडवी होणार आहे.